गोव्याच्या पावसात खडबडीत आणि नक्षीदार काँक्रीट ब्लॉक: कुठल्या भिंतीला लावावेत, कुठल्या नकोत?

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

फोंडा, कुर्टी, फर्मागुडी या पट्ट्यात सध्या जी नवी घरं उभी राहतायत, त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. दर्शनी भिंत प्लास्टर न करता उघडी ठेवलेली असते, आणि ती चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, नसून काँक्रीट ब्लॉकची असते. कुठे फोडलेल्या दगडासारखा खडबडीत चेहरा, कुठे उभ्या पन्हळी, कुठे साच्यातून उठवलेली नक्षी, तर कुठे जाळी. मी साइटवर देखरेखीचं काम करतो. हे ब्लॉक ट्रकमधून उतरताना, भिंतीत बसताना आणि नंतर काही पावसाळे खाल्ल्यावर कसे दिसतात, ते सगळं जवळून बघायला मिळतं. मला हे ब्लॉक मनापासून आवडतात, आणि म्हणूनच ते नको त्या भिंतीवर लागलेले बघवत नाहीत.

आपल्याकडे लोक कॅटलॉग बघून पोत निवडतात. त्याआधी आपल्या घरावर पाऊस कुठून येतो ते बघायला हवं, एवढंच माझं सांगणं आहे.

पणजीला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वारा नैऋत्येचा आणि पश्चिमेचा. म्हणजे दक्षिण आणि पश्चिम भिंती तीन-चार महिने झड अंगावर घेत उभ्या असतात. गुळगुळीत गिलाव्यावरून पाणी सरळ खाली ओघळतं. खडबडीत चेहऱ्यावर ते प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर थांबतं, खाचेत मुरतं, धूळ धरून ठेवतं. चवथीच्या सुमारास त्या खाचांत आधी हिरवं शेवाळ दिसतं, मग काळी बुरशी. पन्हळी उभ्या असतील तर पाणी निदान वाट काढून खाली जातं. आडव्या खाचा आणि फुलापानांची उठावदार नक्षी ही पाण्याला बसायला दिलेली जागाच. झड खाणाऱ्या भिंतीवर मी ती कधीच सुचवत नाही.

पृष्ठभाग उघडा ठेवण्याच्या हौसेची किंमत काय असते, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच दाराशी आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बॅसिलिका. १६०५ साली हे चर्च पूर्ण झालं. भिंती जांभ्याच्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या जीर्णोद्धाराच्या कामात तो गिलावा काढून टाकला आणि आतला लालसर चिरा उघडा केला. आज पर्यटक त्याच लाल भिंतींचे फोटो काढतात. पण गिलाव्याविना तो चिरा पावसाने झिजत गेला, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. दर्शनी बाजूच्या कोरीव कामासाठी वसईहून आणलेला काळा बेसाल्ट मात्र टिकून आहे. जुन्या गवंड्यांना कुठला दगड उघडा ठेवायचा आणि कुठला झाकायचा हे नेमकं ठाऊक होतं. ब्लॉकच्या बाबतीत आपल्यालाही हे ठरवावं लागेल.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. ब्लॉक पाडणारं कुणी इथे असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

---

तेरेखोलकाठ

अगदी वेळेवर आलात दादा. आमचं पेडण्याला घर सुरू आहे, जोत्यापर्यंत आलंय. आर्किटेक्टने दर्शनी आणि पश्चिमेची अशा दोन्ही भिंतींना स्प्लिट फेस (फोडलेल्या चेहऱ्याचे) ब्लॉक सुचवलेत, वर प्लास्टर नाही. सासूबाईंचं म्हणणं, घर चिऱ्याचंच हवं. मला ब्लॉक आवडलेत, पण पश्चिमेला आमच्याकडे मोकळं शेत आहे, वाऱ्याला आडवं काहीच नाही. पाणी आत येईल का? आणि दुकानात उभी राहून चांगला ब्लॉक ओळखायचा कसा?

---

भतग्राम

मी डिचोलीजवळ ब्लॉक पाडतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो माझ्या रोजच्या कामातला आहे.

स्प्लिट फेस कसा होतो ते आधी समजून घ्या. माल अगदी कोरडा कालवतात. सिमेंट, बारीक खडी, दगडाची भुकटी आणि जेमतेम ओल. मूठभर माल हातात दाबायचा, मूठ उघडायची. लाडू तसाच राहिला आणि तळहात नुसता ओलसर झाला की पाणी बरोबर. लाडू फुटला तर पाणी कमी, बोटांतून पाणी आलं तर जास्त. हा माल साच्यात भरून यंत्र वरून दाबतं आणि खालून थरथरवतं. साच्यातून जोडब्लॉक निघतो, म्हणजे दोन ब्लॉक तोंडाला तोंड लावून एकत्र पाडलेले. तो पुरेसा पिकला की यंत्राची पाती वरून-खालून एकदम दाब देतात आणि तो मधोमध फुटतो. फुटलेली बाजू हाच चेहरा. त्यामुळे कुठलेही दोन चेहरे सारखे नसतात. साच्यातून दगडासारखा उठाव काढलेला ब्लॉक वेगळा. त्यात तेच तेच चेहरे फिरून येतात आणि मोठ्या भिंतीवर ते डोळ्यांना लगेच कळतं.

आता पारख. फुटलेला चेहरा उन्हात धरा आणि खडी बघा. माल कसदार असेल तर खडीचे दाणे स्वतः चिरलेले दिसतात, आतला काळा दगड ताजा चमकतो. माल कमकुवत असेल तर दाणे अख्खे उपटून आलेले असतात आणि समोर खळगे राहिलेले असतात. असल्या खळग्यांचा ब्लॉक घेऊ नका. दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. कड नखाने खरवडा, भुकटी पडता कामा नये.

पाणी किती पितो ते घरीच कळतं. पूर्ण कोरडा ब्लॉक वजन करा, २४ तास बादलीत बुडवून ठेवा, बाहेर काढून वरचं पाणी पुसा आणि पुन्हा वजन करा. आयएस (भारतीय मानक) २१८५ च्या पहिल्या भागात शोषणाची मर्यादा वजनाच्या १० टक्के आहे. म्हणजे १८ किलोचा पोकळ ब्लॉक १९.८ किलोच्या वर जाता कामा नये. प्लास्टरशिवाय पावसात ठेवायचा असेल तर मी स्वतः १० वर समाधान मानत नाही, त्याच्या बऱ्याच खाली असलेला माल देतो. मालातच पाणीरोधक मिसळून घ्या, म्हणजे प्रश्न अर्ध्यावर येतो. सांध्यांच्या मसाल्यातही तेच मिसळायला सांगा. ब्लॉक पाणी पीत नाही आणि सांधा पितो, असं झालं तर उपयोग शून्य.

---

चिरेबंदी

सासूबाईंशी मी सहमत आहे. चिरा आपल्या मातीतला, गवंड्यांच्या हातात बसलेला. खाणीतून निघताना मऊ असतो, करवतीने-तासणीने आकार घेतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. तो सोडून दगडासारखं दिसणारं काँक्रीट कशाला? घरासमोर बल्कांव (बसायचा ओटा), वर नळ्यांचं उतरतं छप्पर आणि चिऱ्याची भिंत. गोव्याच्या हवेला आणखी काही लागत नाही.

---

अंत्रुजवासी

@चिरेबंदी, माझं स्वतःचं घर चिऱ्याचंच आहे, त्यामुळे तुमची भावना पोचली. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, शोषण. चिऱ्याच्या आयएस ३६२० मध्ये पाणी शोषणाची मर्यादा १२ टक्के आहे आणि दाब सहन करण्याची किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी. चांगला ब्लॉक दोन्हींत चिऱ्याच्या बरोबरीने किंवा वर उभा राहतो. चिरा टिकला तो त्याच्यावरच्या चुन्यामुळे आणि भिंतीच्या जाडीमुळे. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट असायच्या, ओल आतपर्यंत पोचायच्या आधीच पाऊस उघडायचा. आजची भिंत २०० मिमी.

दुसरी, हल्ली खाणीवरून येणारा चिरा बघितलाय का? एका गाडीत वरच्या थराचा घट्ट आणि खालच्या थराचा पिवळट, चिखलाचे डोळे असलेला, सगळा सरमिसळ. शिवाय खाणीमागे उरणारे पाण्याने भरलेले खड्डे, ते वेगळंच.

उतरत्या छपराबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सगळ्या धाग्याचा कणा तोच आहे. पागोळी भिंतीपासून दूर पडली की खाली चिरा असो, ब्लॉक असो, मातीची भिंत असो, ती जगते. सपाट स्लॅब, छज्जा नाही, आणि खाली उघडा ब्लॉक, ही रचना कोरड्या मुलखातून उचललेली आहे. तिकडे ती शोभते.

---

दूरदेशी

मूळचा माशेलचा, सध्या कॅलिफोर्नियात. अंत्रुजवासींनी कोरड्या मुलखाचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

नक्षीदार ब्लॉकच्या घरांची इथे तीर्थक्षेत्रं मानली जातात. १९०० साली हार्मन पामर यांनी पोकळ ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचं अमेरिकी पेटंट घेतलं. त्यानंतर दगडी चेहऱ्याचे ब्लॉक हाताने पाडायची यंत्रं सीअर्ससारख्या कंपनीच्या कॅटलॉगातून गावोगाव गेली. शेतकरी स्वतःच्या अंगणात ब्लॉक पाडून घर बांधू लागले. तेव्हा ब्लॉक म्हणजे गरिबाचा दगड. अमेरिकी आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनी १९२३-२४ च्या सुमारास लॉस एंजेलिस परिसरात नक्षीदार ब्लॉकची चार घरं बांधली आणि ब्लॉककडे बघायची नजर बदलली. त्यांतलं सर्वांत मोठं एनिस हाउस. सुमारे ४० सेंमी चौरस असे २७ हजारांवर ब्लॉक, त्यांवर भौमितिक नक्षी, कडांच्या खोबणीत सळ्या आणि त्यांत ओतलेला मसाला. ब्लॉकच्या मालात त्याच टेकडीवरची मुरमाड ग्रॅनाइटची भुकटी वापरली होती, घर टेकडीच्या रंगाचं दिसावं म्हणून.

दिसायला अप्रतिम. पण ब्लॉक पाणी पीत राहिले, आतल्या सळ्या गंजून फुगल्या, चेहरे तडकले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने मोठं नुकसान केलं आणि २००४-०५ च्या हिवाळी पावसाने आधाराची भिंत खचली. पुढे दुरुस्तीवर प्रचंड खर्च झाला. आणि लॉस एंजेलिसला वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिमीच्याही आत असतो! तो आपल्याकडे जुलैच्या एखाद्या चांगल्या आठवड्यात पडून जातो. वर समुद्राची खारी हवा. सांध्यात सळी घालायची असेल तर ती खोल, मसाल्याच्या पोटात असायला हवी, चेहऱ्याजवळ अजिबात नको.

---

अंत्रुजवासी

@दूरदेशी, फार मोलाची माहिती. किनाऱ्यावर उघड्या पडणाऱ्या आरसीसीला आयएस ४५६ प्रमाणे ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळीवर काँक्रीटचा थर, देतात. ब्लॉकच्या १० मिमीच्या सांध्यात सळी टाकली तर तिला एवढं कव्हर मिळणार कुठून? किनाऱ्याच्या गावांत मी सळी ब्लॉकच्या पोकळीत उभी घालून पोकळी काँक्रीटने भरायला सांगतो. आडवी सळी हवीच असेल तर पट्टा ओतून घ्यावा.

---

सत्तरीतला

आमचा अनुभव सांगतो. होंडा भागात भावाने कंपाऊंडला गडद राखाडी रंगाचे पन्हळीचे ब्लॉक लावले. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतभर पांढरे ओघळ. ठेकेदाराने म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिडने धुऊन दिलं, महिनाभर बरं दिसलं, मग रंग विटला आणि पांढरं परत आलं. नंतर त्याने वरून चकचकीत वॉर्निश मारलं. पुढच्या पावसात त्याचे पापुद्रे निघाले आणि आता आत अडकलेली ओल धब्ब्यांसारखी दिसते. आधीपेक्षा वाईट. ठेकेदार फोन उचलत नाही. काही उपाय आहे का?

---

भतग्राम

बाब, उपाय आहे, पण वेळ लागेल.

पांढरं म्हणजे सिमेंटमधला मोकळा चुना. पाणी भिंतीत शिरतं, चुना विरघळवून बाहेर आणतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन खडूसारखा थर बसतो. पाणी आत जायचं थांबल्याशिवाय ते थांबणार नाही, अ‍ॅसिडने कितीही धुतलं तरी. उलट अ‍ॅसिड सिमेंटची कातडी खातं, खडी उघडी पडते आणि ब्लॉक आणखी पाणी पितो. रंग विटला तो त्यामुळे.

आधी भिंतीचा माथा बघा. माझी खात्री आहे, वर झाकण नसेल. कंपाऊंडच्या पोकळ ब्लॉकची भोकं वरून नुसती मसाल्याने लिंपलेली असतील, तिथून पाणी सरळ पोटात उतरतं. माथ्यावर काँक्रीटची झाकणपट्टी ओता, दोन्ही बाजूंना भिंतीपासून ५० मिमी तरी बाहेर, उतार आतल्या बाजूला, खालून पाणी तुटायला खाच. मग वॉर्निश काढा. ते काढायचा द्रव मिळतो, आधी कोपऱ्यातल्या एका ब्लॉकवर करून बघा. पांढरं असेल ते कोरड्या नायलॉनच्या ब्रशने झाडा, तारेचा ब्रश नको, त्याचे कण राहून गंजाचे डाग पडतात. उन्हाळाभर भिंत वाळू द्या. मे महिन्यात, भिंत पूर्ण कोरडी असताना, सिलेन-सिलोक्झेन जातीचं पाणीरोधक मारा. ते पृष्ठभागावर पापुद्रा धरत नाही, छिद्रांच्या आत बसतं. बाहेरचं पाणी अडवतं आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतं. काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

गडद रंगावर पांढरं जास्त उठून दिसतं. लोक काळा-राखाडी मागतात तेव्हा मी हे सांगतो. लाल आणि पिवळा लोहऑक्साइड उन्हात टिकतात. काळ्यासाठी कुणी स्वस्तात काजळी वापरली असेल तर ती पावसाने धुपत जाते. रंगाचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ५-६ टक्क्यांपर्यंत पुरे, त्यापुढे ओतून रंग गडद होत नाही, माल मात्र कमकुवत होतो.

---

झुआरीपार

जाळीच्या ब्लॉकबद्दल कुणीच का लिहिलं नाही? आमच्या वास्कोच्या जुन्या इमारतीत जिन्याला पूर्ण उंचीची सिमेंटची जाळी आहे, चार पाकळ्यांची. दुपारी जिन्यात जी हवा खेळते ती नव्या काचेच्या इमारतींत मिळत नाही. मुक्तीनंतरच्या दोन-तीन दशकांत बांधलेल्या कितीतरी शाळा, कचेऱ्या, घरं या जाळ्यांनी भरलेली आहेत. आता पाडकामात त्या जाळ्या भंगारात जाताना बघून फार वाईट वाटतं. कुणी जपून काढून घेतो का?

---

बल्कांवची_पायरी

मी आर्किटेक्ट आहे, मडगावात काम करते. @झुआरीपार, घेतात. माझ्या दोन कामांत जुनी जाळी काढून अंगणाच्या भिंतीत पुन्हा बसवली. काढताना सांधा छिन्नीने नाही, बारीक पात्याच्या कटरने कापायचा, नाहीतर पाकळ्या तुटतात.

आपल्याकडची जाळी जगभर गेली आहे. दिल्लीतल्या चाणक्यपुरीतला अमेरिकी दूतावास, एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी केलेला, १९५९ साली खुला झाला. सगळ्या इमारतीभोवती काँक्रीटच्या जाळीचा पडदा आहे. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत जाळीच्या ब्लॉकची लाटच आली. ऊन अडवायचं आणि वारा सोडायचा, हे काम जाळी विजेशिवाय करते.

पण गोव्यात वाऱ्याबरोबर झड येते. जाळी पश्चिमेच्या जिन्याला दिली तर चार महिने पायऱ्या ओल्या राहणार, माणसं घसरणार. मी जाळी पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवते. पश्चिमेला द्यावीच लागली तर तिच्या आतल्या बाजूला पन्हळ आणि उतार काढून पाणी बाहेर न्यायची सोय करते. भोकांचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता असलेला साचाही करून घेता येतो. थोडा महाग पडतो, पण पावसाचं बरंचसं पाणी तिथेच परततं. जाळीवर वरच्या भिंतीचा भार टाकायचा नाही, वर लिंटेल हवंच.

आता @तेरेखोलकाठ यांच्या घराबद्दल, कारण तुमचं काम अजून जोत्यावर आहे आणि बदल करायला हीच वेळ. ब्लॉक ३९० मिमी लांब आणि १९० मिमी उंच असतो, १० मिमी सांधा धरून ४०० आणि २००. तुमचा सगळा नकाशा २०० च्या पटीत बसतोय का ते आजच तपासा. खोली ४ मीटर, खिडकी १२०० मिमी, दोन खिडक्यांमधला खांब ६०० किंवा ८०० मिमी, खिडकीचा तळ ८०० मिमी. हे जमलं तर ब्लॉक कापावा लागत नाही. नाही जमलं तर प्रत्येक खिडकीपाशी कापलेली गुळगुळीत कड खडबडीत चेहऱ्यात डोकावते, आणि भिंतीचं सगळं सौंदर्य तिथे संपतं. कोपऱ्याला दोन बाजूंनी फोडलेले ब्लॉक लागतात, ते वेगळे मागवायचे असतात. बहुतेक घरांत हे विसरतात आणि मग कोपऱ्यात मसाल्याने खोटा दगड काढत बसतात.

---

चिरेबंदी

मॅडम, नकाशा ब्लॉकच्या मापाने करायचा ही गोष्ट पटली. आमचे जुने गवंडीसुद्धा चिऱ्याच्या मापानेच दार-खिडकी ठरवायचे. मग एक विचारतो, चिऱ्यावर हात बसलेला गवंडी हे काम करू शकतो का, की बाहेरून माणसं आणावी लागतात?

---

भतग्राम

आपलाच गवंडी करतो, उत्तम करतो. फक्त त्याच्या हाताच्या तीन-चार सवयी बदलाव्या लागतात, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी जवळ उभं राहावं लागतं.

चिरा आणि वीट भिजवून लावतात. काँक्रीट ब्लॉक भिजवायचा नाही. भिजलेला ब्लॉक भिंतीत बसल्यावर वाळतो, वाळताना आकसतो आणि सांध्यांत तडे जातात. साइटवर ब्लॉकच्या थप्पीवर ताडपत्री घाला, खाली फळ्या. मी बघितलंय, गवंडी सवयीने पाइप घेऊन थप्पीवर पाणी मारतो आणि मालक समाधानाने बघत असतो.

मसाला फार तगडा करू नका. १:६ पुरे, किंवा चुना घालून १:१:६. मसाला ब्लॉकपेक्षा कमजोर असला की तडा गेलाच तर सांध्यात जातो, तो भरता येतो. तगड्या मसाल्यात तडा ब्लॉक फाडून जातो. सांधा भरून झाला की थोडा आवळू द्या आणि गोल सळीने आत दाबून ओढा, म्हणजे सांधा खोलगट आणि घट्ट होतो. आवडीसाठी सांधा खोल खरवडून ठेवतात, सावली छान पडते म्हणून. पावसाच्या भिंतीवर ते अजिबात नको, प्रत्येक सांधा पाण्याची पायरी होतो.

आणि चेहऱ्यावर मसाला सांडला तर ओला असताना पुसायचा नाही! पुसलं की तो खाचांत शिरतो आणि कायमचा पांढुरका डाग राहतो. अर्धवट वाळू द्या, करणीच्या टोकाने ढलपी उडवा, मग फुटक्या ब्लॉकचा तुकडा घासा आणि कोरडा ब्रश मारा. एवढी एक गोष्ट गवंड्याने पाळली तरी भिंत वेगळी दिसते.

लांब भिंत असेल तर ६-७ मीटरवर उभा सांधा मोकळा सोडा आणि त्यात लवचीक सीलंट भरा.

---

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आर्किटेक्टना हा धागा दाखवला, दोन तास बसलो. सासूबाईही होत्या.

असं ठरलंय: पश्चिमेची भिंत उघडी ठेवायची नाही. तिथे साधे ब्लॉक, बाहेरून प्लास्टर आणि छपराची पडवी पुढे ओढायची. दर्शनी भिंत पूर्वेला आहे, तिला स्प्लिट फेस. जिन्याला उत्तरेकडून जाळी. जोतं आणि समोरचा सोपा चिऱ्याचा, सासूबाईंच्या पसंतीचा, आणि अंगणाच्या कडेचा जुना गडगा तसाच राहणार. मापं २०० च्या पटीत आणायला एक खिडकी सरकवावी लागली.

दोन प्रश्न उरलेत. दर्शनी भिंत एकेरी २०० मिमीची ठेवू की दुहेरी? आणि ब्लॉक किती मागवू? भिंत ६ मीटर लांब, ३ मीटर उंच आहे, मध्ये १२०० बाय १२०० ची एक खिडकी.

---

अंत्रुजवासी

ताई, ठरवलंत ते उत्तम.

बजेट असेल तर दुहेरी करा. बाहेर १०० मिमीचा स्प्लिट फेस, मध्ये ५० मिमी पोकळी, आत १०० किंवा १५० मिमीचा साधा ब्लॉक, दोन्ही थर न गंजणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांनी बांधलेले. बाहेरच्या थरातून झिरपलेलं पाणी पोकळीत खाली उतरतं. त्याला बाहेर काढायला तळाच्या थरात दर दोन ब्लॉकमागे एक उभा सांधा मोकळा ठेवा, आणि खिडकीच्या लिंटेलवरही तेच. बांधताना पोकळीत मसाला पडून ही भोकं बुजतात. म्हणून पोकळीत दोरी बांधलेली फळी ठेवायची आणि थर चढला की वर ओढून घ्यायची. दुपारचं ऊन पश्चिमेला असलं तरी सकाळचं कोवळं ऊन दर्शनी भिंत तापवतंच, पोकळीमुळे तेही आत कमी येईल.

एकेरी ठेवलीत तर पूर्वेला, चांगल्या छपराखाली, पाणीरोधक मिसळलेल्या ब्लॉकची २०० मिमी भिंत चालते. आतून चुन्याचा किंवा हलका गिलावा करा, तेलरंग लावू नका.

खिडकीच्या तळाच्या पट्टीला (सिलला) खालून पाणी तुटायची खाच विसरू नका. पट्टी भिंतीपासून ४०-५० मिमी बाहेर, आणि खाच कडेपासून आत २० मिमीवर.

---

भतग्राम

संख्येचं मी सांगतो. एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक. भिंत १८ चौरस मीटर, म्हणजे २२५. खिडकीचे १८ वजा केले की २०७. फुटतूट धरून ५ टक्के वाढवा, साधारण २१८. दोन्ही टोकांना कोपऱ्याचे ब्लॉक एक थर सोडून एक असे येतात. १५ थर आहेत, म्हणजे दोन्ही मिळून १५, एखाद-दुसरा जास्त धरून १७ घ्या. ते या २१८ मधूनच वजा करा, वर वाढवू नका. खिडकीच्या बाजूंना अर्धे ब्लॉक लागतील. १२०० उंचीला सहा थर, दर दुसऱ्या थराला प्रत्येक बाजूला एक, म्हणजे सहा अर्धे. तेही कारखान्यातून फोडून घ्या, साइटवर कापू नका.

सगळा माल एकाच वेळी पाडलेला मागा. सिमेंटची गाडी बदलली, खडीची खाण बदलली की रंगात फरक पडतो आणि तो भिंतीत पट्ट्यांसारखा दिसतो. गवंड्याला सांगा, एका थप्पीतून सलग घेऊ नको, तीन-चार थप्प्यांतून आलटून पालटून घे. आणि पाडल्यापासून २८ दिवस तरी झालेले ब्लॉकच गाडीत भरू द्या. तारीख विचारा, आम्ही थप्पीवर खडूने लिहून ठेवतो.